बंदुकीचे कागद आणि माणसाचे कागद

घरात बंदूक असणे ही आपल्या समाजात रोजची गोष्ट नाही. कोकणात बंदूक असायची ती खोताकडे, एखाद्या हौशी शिकाऱ्याकडे, नाहीतर डुकरा-वानरांपासून शेत राखण्यासाठी परवाना मिळालेल्या शेतकऱ्याकडे. बौद्धवाडीत ती क्वचितच. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र आमचे घर ‘बंदूकवाल्यांचे’ म्हणून ओळखले जाई. ती बंदूक आम्ही आता विकली. विकताना जे कागद पुढे आले, जे मागितले गेले आणि जे आम्ही दिले नाहीत, त्याविषयी चार गोष्टी वाचक बंधुभगिनींना सांगाव्यात असे वाटले. बंदूक प्रत्येकाच्या घरी नसेल, पण आजोबा-पणजोबांचे पलटणीचे कागद, बिल्ले, मेडल पत्र्याच्या पेटीत पडलेले असे घर आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात शोधायला फार लांब जावे लागत नाही.

त्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळला उतरले की पुढे दापोली. तिथल्या कँपात पलटणीतून निवृत्त झालेल्या आपल्या लोकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन तिथेच राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीला राहिले. १८९२-९३च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज-विनंत्या सुरू झाल्या त्या याच पेन्शनरांच्या हातून. पहिल्या महायुद्धात १९१७ला १११वी महार पलटण उभी केली आणि १९२१ला मोडली. पुन्हा दार उघडले ते १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली तेव्हा. त्यामागे बाबासाहेबांचा किती पाठपुरावा होता हे या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

आमचे आजोबा १९४२ साली त्या रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि युद्ध संपल्यावर १९४६ला सुटले. नोकरी थोडी म्हणून पेन्शन नाही. दोन मेडल, एक डिस्चार्जचा कागद आणि चार जोडीदारांबरोबर काढलेला एक फोटो एवढे घेऊन ते आले. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे मुंबईला गिरणीत काढली आणि मग गावाला येऊन शेती धरली. जमीन थोडी, तीही जुन्या वतनातली. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, त्यानंतर सरकारात रक्कम भरून ती सातबाऱ्यावर त्यांच्या नावाने लागली. शेतीसंरक्षणाचा परवाना मागताना शेत दाखवावे लागते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याने राखायचे काय? तेव्हा १९७४चा तो परवाना म्हणजे नुसती बंदुकीची परवानगी नव्हती, या माणसाला जमीन आहे हे सरकारने मान्य केल्याचा तो आणखी एक पुरावा होता. आजोबा तो पाहुण्यांना दाखवीत, बंदूक तितकी दाखवीत नसत.

बंदूक ठासणीची. वरून दारू आणि छर्रा घालायचा, गजाने ठासायचे, टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. लांबलचक नळी, जड दस्ता, कुलपाच्या पट्टीवर मुकुटाची खूण आणि इंग्रजीत ‘टॉवर’ अशी अक्षरे. वाडीत सगळे तिला ‘रायफल’ म्हणत आणि आजोबांनी ती पलटणीतून आणली असे सांगत. आम्ही मुलेही शाळेत तसेच सांगत आलो. आजोबा २००९ला गेले. परवाना वारस म्हणून थोरल्या काकांनी आपल्या नावावर करून घेतला. २०२३ला काकाही गेले. मग आम्ही भावंडे, म्हणजे आम्ही दोघे सख्खे आणि दोन चुलत, चिपळूण, विरार आणि डोंबिवली अशी पांगलेली, एका जागी बसलो. गावात कायम राहणारा आमच्यात कोणी नाही. बंदूक कोणी चालवणार नाही, पण परवान्याचे नूतनीकरण, निवडणूक आली की ती ठाण्यात नेऊन जमा करणे, परत आणणे हे सगळे कोणीतरी करायला हवे. विकायचे ठरले.

आता थोडे कायद्याचे, कारण या बाबतीत गावोगाव ऐकीव माहितीच जास्त चालते.

पहिली गोष्ट, परवानाधारक मेला की त्याचा परवाना आपोआप मुलाचा होत नाही. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ प्रमाणे, ज्या दिवसापासून ते हत्यार घरात ठेवण्याचा अधिकार संपतो, तेव्हापासून विनाविलंब ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. दिवसकार्य झाले, पाहुणे गेले, मग बघू, असे म्हणता म्हणता वर्ष जाते आणि घरातल्या बाईमाणसावर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा प्रसंग येतो. आम्ही काकांच्या जलदान विधीनंतर लगेच बंदूक ठाण्यात दिली आणि पावती घेतली. ठाण्यातल्या हवालदारांनी प्रथम काय केले असेल तर नळीत गज घालून पाहिला. ठासणीची बंदूक वर्षानुवर्षे भरलेलीच राहिलेली असू शकते, आणि तसे अपघात होतात. ज्यांच्या घरी भिंतीवर अशी बंदूक टांगलेली आहे त्यांनी पोरांना हात लावू देऊ नये आणि स्वतःही प्रयोग करू नये. जाणत्याला दाखवावी.

जमा केली म्हणजे गेली असे नाही. वारसाने मुदतीत आपल्या नावावर परवाना मिळवला तर ती परत मिळते, किंवा ज्याला ती बाळगण्याचा अधिकार आहे अशाला विकता येते. मुदत उलटून गेली तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. २०१६च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, तर तो हयात असतानाच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. घरातले म्हातारे शस्त्रधारी बाबा ऐंशीला आलेले असतील तर ही गोष्ट त्यांच्या समोरच उरकून घ्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे विक्री. कलम ५ प्रमाणे स्वतःच्या वापराची परवान्याची बंदूक खासगी माणसाला विकता येते, पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते की आम्ही ही विकणार आहोत आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता अमुक आहे. कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस जावे लागतात. त्याआधी हत्याराची देवघेव नाही. बयाणा घेतला, मालही दिला आणि कागद मागाहून, असा व्यवहार बैलाचा होतो, बंदुकीचा होत नाही.

तिसरी गोष्ट, ‘जुनी आहे म्हणजे परवाना लागत नाही’ हे. दलालाने आम्हाला हेच सांगितले होते. कायद्यात सवलत आहे, कलम ४५ मध्ये, पण ती दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा जुन्या हत्याराला. आमच्या काकांनी २०१९च्या सुगीला डुकरे हाकलायला तिचा बार काढला होता आणि तो डोंगरापलीकडे ऐकू गेला होता. तिला सवलत कसली? शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि १९७२च्या कायद्याने तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘परदेशात हिचे लाख येतील’ असे कोणी म्हणाला तर त्याला हा कायदा ऐकवावा.

असो. गिऱ्हाईक आले ते एका ओळखीच्या मध्यस्थामार्फत. जुनी हत्यारे, लष्करी वस्तू जमवणारे गृहस्थ, शहरातले, सुशिक्षित, स्वतः परवानाधारक. त्यांचे नाव-गाव आम्ही येथे देत नाही. त्यांनी घरात काय जमवले आहे हे चारचौघांना कळू नये अशी त्यांची इच्छा होती आणि ती रास्त आहे. कोणाच्या घरात कोणते हत्यार आहे ही माहिती चोराच्या कानावर जाण्यासारखी नव्हे. पोलिसांना त्यांचे नाव कळणे कायद्याने भाग होते, आमच्या वाडीला कळण्याची गरज नव्हती. आम्ही ते वाडीत सांगितले नाही. चार जणांना त्याचा राग आला, तो अजून आहे.

त्या गृहस्थांनी नुसत्या बंदुकीचे अठरा हजार सांगितले. मध्यस्थ पुढे म्हणाला, “त्यांना पूर्ण संच हवा आहे. बंदूक, मेडल, डिस्चार्जचा मूळ कागद, तो फोटो. आणि ही बंदूक महार रेजिमेंटच्या जवानाने युद्धात वापरली असे वारसांच्या सहीचे पत्र. त्रेचाळीस देतील.” म्हणजे कागद, फोटो, मेडल आणि आमच्या सहीचे मिळून पंचवीस हजार. लोखंड-लाकडापेक्षा गोष्टीची किंमत जास्त.

पंचवीस हजार आम्हाला नको होते असे नाही. चुलत भावाची कंपनी बंद पडून सात महिने झाले होते, गावच्या घराचे वासे बदलायचे होते. आम्ही स्वतः खासगी पेढीत कारकून, घरात दुसरी मिळकत नाही. तरी पहिला प्रश्न पैशाचा नव्हता. त्या पत्रात जे लिहायचे ते खरे होते काय?

आकड्यांच्या नोकरीत एक सवय लागते, व्हाउचर पाहिल्याशिवाय खतावणी करायची नाही. आम्ही आजोबांची बिस्किटाच्या डब्यातली कागदपत्रे काढली. १९४२ साली भरती झालेल्या सैनिकाच्या हातात ठासणीची बंदूक असणे शक्यच नव्हते. तेव्हा फौजेत .३०३ रायफल होती. ती इतकी टिकली की २००८च्या मुंबई हल्ल्यात रेल्वे स्थानकावरच्या आपल्या पोलिसांच्या हाती तीच होती आणि उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनी. शिवाय सैनिकाने आपली सरकारी रायफल सुटताना घरी आणली असे होत नाही, ती कोतात जमा होते. .३०३ ही तर साध्या जिल्ह्याच्या परवान्यावर नागरिकाला मिळतही नाही, फौजेचे काडतूस चालेल अशी रायफल निषिद्ध बोअरमध्ये धरतात.

मग आमची बंदूक आली कुठून? डब्याच्या तळाशी १९७४चा स्टॅम्प पेपर निघाला. आजोबांनी ती विकत घेतली होती आणि देणारा होता गावच्या जुन्या खोताचा वारस. परवान्यावरची नोंदही तीच सांगत होती. बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एक.

हे वाचून आम्ही सगळे थोडा वेळ गप्प बसलो. ज्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले, १९३८च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला, ती खोती १९४९च्या कायद्याने संपली. आणि त्यानंतर पंचवीस वर्षांनी, ज्या खोताच्या अंगणात आमच्या पणजोबांना पायरीखाली उभे राहावे लागे, त्याच्या घरची बंदूक आमच्या आजोबांनी रोख पैसे मोजून, सरकारी परवान्यावर, राजरोस विकत आणली. पलटणीची म्हणून जी गोष्ट आम्ही सांगत होतो तिच्यापेक्षा ही गोष्ट आम्हाला मोठी वाटली. आजोबांनी ती का सांगितली नाही कोण जाणे. कदाचित खोताच्या वारसाची लाज राखली असेल, गरज त्याला होती.

‘टॉवर’च्या खुणेवरूनही त्या जमवणाऱ्या गृहस्थांनीच एक गोष्ट सांगितली. माणूस जाणकार आहे. १८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारने हिंदी पलटणींना मुद्दाम आटे नसलेल्या, गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. गोऱ्या शिपायाच्या रायफलीसारखी दिसायची, पण तिची गोळी तितकी लांब आणि नेमकी जात नसे. शिपायावर भरवसा नाही म्हणून हत्यारच अर्धवट. आमची त्याच धाटणीची. पुढे फौजेने ठासणी मोडीत काढली आणि अशा बंदुका बाहेर गेल्या. तिच्या नळीला आटे नाहीत म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांनी ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यात बसली हा आणखी एक गमतीचा भाग. ती पहिल्यांदा कोणाच्या खांद्यावर होती, महाराच्या, मराठ्याच्या की परदेशी मुसलमानाच्या, हे सांगणारा कागद नाही. कागद १९७४पासूनचा आहे. मग पत्रात १९७४च लिहायचे.

आम्ही तसेच लिहिले. अमुक वर्णनाची ठासणीची बंदूक, अमुक नंबर, १९७४ साली अमुक परवानाधारकाकडून खरेदी, २००९पर्यंत आजोबांच्या परवान्यावर, पुढे काकांच्या, २०२३पासून ठाण्यात जमा. सोबत निवडणुकीच्या वेळच्या जमा-पावत्या जोडल्या. आजोबांनी १९७७पासूनच्या सगळ्या ठेवल्या होत्या. पन्नास वर्षांत ती बंदूक कधी कुठे होती हे त्या पावत्यांवरून दिसते. मध्यस्थ नाराज झाला, पण खरेदीदार गृहस्थ म्हणाले, “एवढी साखळी शहरातल्या बंगल्यांतूनही मिळत नाही.” खोटी गोष्ट चढ्या भावाने विकली असती आणि उद्या कोणी जाणत्याने नंबरावरून ती पाडली असती, तर बदनामी दलालाची नव्हे, महार रेजिमेंटच्या जवानाच्या नातवंडांची झाली असती.

आता राहिला डिस्चार्जचा कागद. इथे घरात खरी खडाजंगी झाली. चुलत भावाचे म्हणणे, झेरॉक्स ठेवू, मूळ कागद देऊ, तो पेटीत पडून वाळवी खाणार. त्याचे चुकीचे नव्हते. कोकणातल्या पावसात कागद टिकत नाही. आत्या मात्र ऐकेना. वास्तविक बंदुकीचा परवाना काकांच्या नावावर असला तरी बंदूक, मेडल, कागद ही आजोबांची मिळकत आणि आत्या त्यांची मुलगी. १९५६च्या वारसा कायद्याने मुलीला हिस्सा आहे आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, आणि आम्ही आत्याची सही न घेता व्यवहार करणार? ती चिपळूणहून एसटीने आली आणि म्हणाली, “बंदूक खोताची होती, विका. कागद माझ्या बापाचा हाय.”

त्या कागदात काय काय आहे ते आम्ही तेव्हा प्रथमच नीट वाचले. नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा. उंची, छाती, डाव्या भुवईवर व्रण. प्रकृतीची श्रेणी. वर्तणूक. जवळचा वारस म्हणून आजीचे नाव. आणि एका रकान्यात जात, ‘महार’. हा कागद जमवणाऱ्याकडे गेला की तो त्याच्या फोल्डरमध्ये राहील, पुढे तो दुसऱ्याला विकेल, तिसरा त्याचा फोटो जाहिरातीत छापेल. आमच्या आजीचे नाव आणि आजोबांच्या अंगावरची खूण कोणत्या अनोळखी माणसाने बघावी हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? मेडल ही शौर्याची वस्तू, चार लोकांनी बघावी. अंगाचे वर्णन आणि बायकोचे नाव ही घरातली गोष्ट.

आणि दुसरे कारण याहूनही रोकडे आहे. त्याच वर्षी चुलत भावाच्या मुलीचे बारावीनंतर नर्सिंगच्या पदवीला जायचे चालले होते. जात पडताळणी हवी. आमच्या घरात तोवर कोणाचीच पडताळणी झालेली नव्हती, आम्ही सगळे खासगी नोकरीतले. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा पुरावा मागतात. १९५६ला धम्मदीक्षा झाली, त्यानंतर शाळेच्या दाखल्यांवर बौद्ध, नवबौद्ध असे लागले, ते आम्ही अभिमानाने लावले. १९९०च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलतीही बौद्धांना मिळू लागल्या, पण पूर्वाश्रमीची जात कागदाने दाखवावीच लागते. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, त्यांचा दाखला नाही. कोतवाल बुकातली नोंद मिळते का म्हणून शोध घेतला तर नेमक्या त्या वर्षांची पाने जीर्ण. मग उरला कोणता कागद? १९४६चा डिस्चार्ज. ज्या रकान्यातला शब्द आम्ही नागपूरच्या दीक्षाभूमीवर टाकून आलो, तोच शब्द पोरीच्या शिक्षणासाठी जपून ठेवावा लागतो. या गोष्टीचे आम्हाला वाईट वाटते, आणि तरीही कागद जपावाच लागतो. रत्नागिरीला पडताळणी समितीपुढे अशा जुन्या कागदाची नुसती झेरॉक्स नेली तर ‘मूळ कुठे आहे?’ हा प्रश्न ठरलेला. ‘एका शौकीन गृहस्थांना विकला’ असे उत्तर देणाऱ्या बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहावा. दक्षता पथकाची चौकशी, महिने जाणार, प्रवेशाची तारीख थांबत नाही.

तेव्हा आमच्यात जे ठरले ते असे. बंदुकीचे कागद बंदुकीबरोबर जातील, माणसाचे कागद घरात राहतील. खरेदीखत, परवान्याची जुनी नोंद, जमा-पावत्या हे बंदुकीचे. डिस्चार्ज, फोटो, मेडल हे माणसाचे. खरेदीदाराला डिस्चार्ज घरी बसून बघू दिला, हात लावू दिला, फोटो काढू दिला नाही. ते समजले. मध्यस्थ समजला नाही.

मध्यस्थाची आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्याच दिवशी त्याने फोनवर निरोप पाठवला: सगळ्या वारसांची आधार कार्डे, वारस दाखला, परवान्याची पाने, घराचा फोटो, बंदूक हातात धरलेला फोटो, सगळे व्हॉट्सअॅपवर टाका. भाऊ टाकायला निघालाच होता. आम्ही म्हटले, थांब. ही माहिती कोणाला हवी आहे? परवाना अधिकाऱ्याला आणि पोलिसांना. ती त्यांच्याकडे अर्जाबरोबर रीतसर जाईल, पोच घेऊन. खरेदीदाराला खरेदीखतापुरते विकणाऱ्याचे नाव-पत्ता आणि बंदुकीचे वर्णन पुरते. मध्यस्थाला यातले काहीच नको, त्याला फक्त दलाली हवी. आधार द्यावेच लागले तिथे शेवटचे चार आकडे दिसणारे, बाकी झाकलेले आधार उतरवून घेता येते, ते दिले. प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहिले, ‘फक्त अमुक बंदुकीच्या विक्रीसाठी’, तारीख आणि सही. शेवटच्या अक्षरापर्यंत आडवे, म्हणजे खोडता येत नाही. झेरॉक्सवाला हसला. हसू दे. आपल्या वस्त्यांतून भलत्याच्या आधारवर भलत्याने सिमकार्ड आणि कर्ज काढल्याच्या तक्रारी घेऊन बायाबापड्या संध्याकाळी विहारात आमच्याकडे येतात, त्या बघितल्या की हसू येत नाही.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी निराळा परवाना असतो. माल मागवताना त्याची सही केलेली प्रत विक्रेत्याकडे जाते आणि तिच्यावर पत्ता असतो. आपल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या जुन्या रायफलीही मोडीत निघून तिकडच्या हौशी लोकांच्या कपाटात पोहोचल्या आहेत. तेव्हा हत्याराचा इतिहास आणि माणसाचा पत्ता एकाच पाकिटात जाऊ नये ही काळजी तिकडच्या विकणाऱ्या-घेणाऱ्यालाही असते. फरक इतकाच की आपल्याकडे सरकारला सांगितल्याशिवाय पान हलत नाही. बंदुकीच्या बाबतीत ते बरेच आहे असे आमचे मत आहे.

पंचेचाळीस दिवस झाले, परवानगी आली, खरेदीदार आपला परवाना घेऊन ठाण्यात आले. नंबर ताडून पाहिला, रजिस्टरात नोंद झाली, आम्ही सह्या केल्या. पैसे आधीच ठरल्याप्रमाणे बँकेतून आले, अठरा हजार. वाद नको म्हणून काकूंसह सगळ्या वारसांत, आत्या धरून, हिस्से केले आणि तसे लिहून ठेवले. आत्याने आपला हिस्सा पोरीच्या नर्सिंगच्या फीला दिला. भावाच्या वाशांचे अजून जमलेले नाही, यंदाही ताडपत्रीवर निभावले. डुकरे मात्र पूर्वीसारखीच येतात.

पोरीची पडताळणी पुढच्या वर्षी हाती आली. समितीने मूळ डिस्चार्ज पाहिला आणि परत दिला. आता तो कागद, फोटो आणि मेडल प्लास्टिकच्या फायलीत, डांबराच्या गोळ्या टाकून, आत्याच्या चिपळूणच्या घरी लोखंडी कपाटात आहेत. झेरॉक्सचे तीन संच केले, एकेक प्रत्येक शहरात. मूळ बाहेर काढायचा असेल तर आत्याकडच्या वहीत नाव, कारण आणि तारीख लिहून सही करावी लागते. गेल्या महिन्यात आम्हालाही करावी लागली.